सूचिपत्र, भांडार आणि दिवाळे

१८८६ साली अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानातील नॉर्थ रेडवूड नावाच्या आडगावच्या रेल्वे स्टेशनावर घड्याळांची एक पेटी येऊन पडली, ज्या स्थानिक जवाहिऱ्याच्या नावे ती आली होती त्याने ती सोडवून घेण्यास साफ नकार दिला, आणि माल आल्या वाटेने परत रवाना करण्याऐवजी रिचर्ड सिअर्स नावाच्या, जेमतेम विशी ओलांडलेल्या स्टेशनमास्तराने ती घड्याळे आपल्याकडे ठेवून घेऊन त्याच मार्गावरील इतर स्टेशनमास्तरांना थोड्या नफ्यावर विकून टाकली. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी तीनच वर्षांपूर्वी देशभर प्रमाणवेळ लागू केलेली असल्यामुळे अचूक घड्याळाची गरज तेव्हा नव्यानेच उत्पन्न झाली होती, हे त्या तरुणाने हेरले होते. या मामुली व्यवहारातून जी पेढी उभी राहिली, ती पुढे जगातील सर्वांत मोठी किरकोळ व्यापारी पेढी झाली, तिने शिकागो शहरात त्या काळातील जगातील सर्वांत उंच इमारत बांधली, आणि अखेर १५ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल करावा लागला.

इंटरनेटने आणखी एका जुन्या दुकानाचा घास घेतला, असे निदान त्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांनी केले. ते खोटे नव्हते, परंतु अर्धवट होते. घरबसल्या वस्तू निवडावी, ती न पाहता पैसे भरावेत, ती दारात यावी आणि पसंत न पडल्यास परत करता यावी, ही जी पद्धत आज आपण ऑनलाइन खरेदी म्हणून ओळखतो, ती ज्या पेढीने एका सबंध खंडाला शिकवली तीच पेढी त्या पद्धतीपुढे हतबल व्हावी, यातला विपर्यास उलगडल्याखेरीज मोठ्या भांडारांच्या ऱ्हासाचे खरे कारण हाती लागत नाही.

सिअर्सचा उदय समजण्यासाठी त्या काळच्या अमेरिकन शेतकऱ्याची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. दहावीस मैलांच्या परिसरात एकच दुकान. त्यात मीठ, कापड, खिळे, औषधे आणि गूळकाकवीची पिंपे यांची एकत्र दाटी. वस्तूंवर किमतीची चिठ्ठी नाही. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा, त्याची ऐपत आणि त्याची मागील बाकी यांचा मनाशी हिशेब करून भाव सांगणार, आणि हंगामापर्यंत उधारी चालू असल्यामुळे शेतकऱ्याला तो निमूटपणे मान्य करावा लागणार. आपल्याकडील वाणी आणि कूळ यांच्या संबंधाशी हे चित्र इतके मिळतेजुळते आहे की, मराठी वाचकाला त्याचा अधिक विस्तार करून सांगण्याची आवश्यकता नाही. या जाचातून सुटण्याचा पहिला मार्ग दाखवला तो सिअर्सने नव्हे, तर शिकागोच्याच अॅरन माँटगोमेरी वॉर्डने. १८७२ साली त्याने एका कागदावर वस्तू आणि त्यांच्या किमती छापून शेतकऱ्यांच्या संघटनांकडे पाठवल्या, आणि थोड्याच वर्षांत माल पसंत नसल्यास पैसे परत करण्याची हमीही जोडली. सिअर्सने हीच कल्पना उचलली. शिकागोला येऊन त्याने आल्वा रोबक नावाच्या घड्याळजीला हाताशी धरले, १८९३ साली पेढीला ‘सिअर्स, रोबक आणि कंपनी’ हे नाव मिळाले, आणि १८९५ च्या सूचिपत्राची पाने पाचशे बत्तीस भरली.

हे सूचिपत्र थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. त्यात घड्याळांपासून घोडागाडीपर्यंत, शिवणयंत्रापासून बंदुकीपर्यंत, बाळाच्या गाडीपासून पुढे पुढे तर थडग्यावरच्या दगडापर्यंत मनुष्याच्या आयुष्याला लागणारे झाडून सारे जिन्नस चित्रांसह मांडलेले असत, आणि प्रत्येक चित्राखाली किंमत छापलेली असे. युरोपातून नुकत्याच येऊन स्थायिक झालेल्या कुळंब्यांना इंग्रजी लिहिता येत नसल्याची जाणीव ठेवून, मागणी कोणत्याही भाषेत आणि तुम्हांला जमेल तशी लिहून पाठवा, आम्ही ती समजून घेऊ, असा भरवसा त्यात दिलेला असे. सिअर्सची धूर्तता इतकी की, त्याने आपल्या सूचिपत्राचा आकार वॉर्डच्या सूचिपत्राहून किंचित लहान ठेवला; कारण घर आवरताना गृहिणी दोन पुस्तके एकावर एक रचणार, आणि लहान पुस्तक आपोआप वर राहणार, हे त्याने ताडले होते. वर्ष संपले की जुन्या सूचिपत्राची पाने घरामागच्या संडासात कोणत्या कामी येत, याचे रसभरित उल्लेख अमेरिकन विनोदी वाङ्मयात विपुल आढळतात.

सिअर्स स्वतः जाहिरातीत अतिशयोक्ती करण्यात पटाईत होता. सोफा आणि खुर्च्या अविश्वसनीय स्वल्प किमतीत देण्याचे आश्वासन देऊन त्याने बाहुलीच्या घरात मांडण्याएवढे फर्निचर पाठवल्याची हकीकत पेढीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अशा क्लृप्त्यांवर एखादा हंगाम निभावतो, परंतु पेढी टिकत नाही. आणि हे ओळखणारा मनुष्य १८९५ साली भागीदार म्हणून आला. ज्यूलियस रोझेनवॉल्ड हा कपड्यांचा व्यापारी. वर्णन आणि वस्तू यांत अंतर पडता कामा नये, पडल्यास माल बिनतक्रार परत घ्यावा आणि जाण्यायेण्याचे भाडेही पेढीने सोसावे, असा शिरस्ता त्याने पाडला. १९०६ साली शिकागोच्या पश्चिम भागात तीस लाख चौरस फुटांचे एक प्रचंड कोठार उभे राहिले. त्यात येणाऱ्या प्रत्येक मागणीपत्राला पंधरा मिनिटांचा एक ठराविक अवधी नेमून दिलेला असे. निरनिराळ्या खात्यांतून निघालेल्या वस्तू घसरपट्ट्यांवरून आणि सरकत्या पट्ट्यांवरून त्याच अवधीत बांधणीच्या जागी पोहोचल्या पाहिजेत, आणि जे खाते उशीर करील त्याला त्याचा भुर्दंड पडला पाहिजे, अशी तजवीज होती. आजच्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांची वर्णने वाचून ज्यांना हे सारे अभूतपूर्व वाटते, त्यांनी या कोठाराची हकीकत अवश्य वाचावी.

अर्थात या व्यापाराची सारी इमारत सरकारी टपालाच्या पायावर उभी होती. १८९६ पासून अमेरिकन टपालखात्याने खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत विनामूल्य बटवडा करण्यास प्रारंभ केला, आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलांची सरकारी ने-आण सुरू झाली. गावोगावच्या दुकानदारांनी या दोन्ही सुधारणांना कसून विरोध केला, आणि काही ठिकाणी तर लोकांकडून सूचिपत्रे गोळा करून त्यांच्या चौकात होळ्या केल्या. दक्षिणेकडील संस्थानांत या विरोधाला एक वेगळीच धार होती. तेथे काळ्या गिऱ्हाइकाला गोऱ्या दुकानदारापुढे सर्वांत शेवटी उभे राहावे लागे आणि त्याने कोणत्या प्रतीचा माल घ्यावा हेही दुकानदारच ठरवी. सूचिपत्राला मात्र गिऱ्हाइकाचा वर्ण दिसत नव्हता, आणि छापलेली किंमत सर्वांना सारखीच होती. याच रोझेनवॉल्डने पुढे आपल्या संपत्तीतून दक्षिणेतील काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधण्यास साहाय्य केले.

या पद्धतीवरचा लोकांचा विश्वास कोणत्या थराला गेला होता, याचे प्रमाण म्हणजे सिअर्सची घरे. १९०८ ते १९४० या काळात या पेढीने सूचिपत्रातून अक्षरशः राहती घरे विकली. नमुना निवडून पैसे पाठवले की तुळया, फळ्या, दारे, खिडक्या, खिळे, रंग असे एकंदर तीस हजारांच्या आसपास नग रेल्वेच्या वाघिणीतून जवळच्या स्टेशनावर येऊन पडत, सोबत बांधणीच्या सूचनांचे पुस्तक असे, आणि उरलेले काम मालकाने स्वतः किंवा गावच्या सुताराने उरकायचे. अशी सत्तर हजारांहून अधिक घरे विकली गेली, आणि त्यांतील पुष्कळ आजही नांदती आहेत. जो मनुष्य न पाहिलेल्या दुकानातून आपले घर मागवतो, त्याला चपलांचा जोड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विकत घेता येत नाही, असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

सूचिपत्राचा हा संसार खेड्यात वाढत असताना शहरांत निराळ्याच प्रकारचे दुकान उदयास आले होते. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको याने १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ या दुकानाचा कारभार हाती घेऊन जे नियम रूढ केले, तेच पुढे जगभरच्या डिपार्टमेंट स्टोअरांचे शास्त्र बनले. आत येणाऱ्यावर काही विकत घेण्याची सक्ती नाही, प्रत्येक वस्तूवर ठरीव किंमत, घासाघीस नाही, आणि न आवडलेला माल परत करण्याची मुभा. न्यूयॉर्कला मेसी, फिलाडेल्फियाला वानामेकर, शिकागोला मार्शल फील्ड, आणि फील्डच्याच नोकरीत तयार झालेल्या सेल्फ्रिजने १९०९ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उघडलेले भांडार, ही सारी त्याच कुळातली. या दुकानांचे अर्थशास्त्र मोठे मार्मिक होते. प्रत्येक खात्याचा स्वतंत्र खरेदीदार आणि स्वतंत्र हिशेब असे. परंतु सर्व खात्यांनी सारखाच नफा मिळवावा अशी अपेक्षा नसे. शिवणाचा दोरा किंवा मुलांची पुस्तके जवळजवळ तोट्यात विकली तरी चालत, कारण त्यांच्यासाठी आलेली स्त्री वरच्या मजल्यावर जाताना अत्तरांच्या आणि हातमोज्यांच्या खात्यावरून जाणार, उपाहारगृहात चहा घेणार, आणि परतताना जे घ्यायचे मनातही नव्हते ते घेऊन जाणार. नफ्याचे मूळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भटकणाऱ्या पावलांत होते. एमिल झोला याने १८८३ साली याच विषयावर एक सबंध कादंबरी लिहून अशा भांडारासमोर मोहल्ल्यातील लहान कापडवाले आणि छत्रीवाले कसे धुळीला मिळतात याचे विस्तृत चित्र रेखाटले. आज भांडारांसाठी जे अश्रू ढाळले जातात त्यांकडे पाहताना, या भांडारांनीही आपल्या उमेदीच्या काळात पुष्कळांना देशोधडीला लावले होते, हे विसरता येत नाही.

सूचिपत्र आणि भांडार यांचा संगम सिअर्समध्ये झाला तो रॉबर्ट वुड या निवृत्त सेनाधिकाऱ्यामुळे. वुडला सरकारी सांख्यिकीची वार्षिके वाचण्याचा छंद होता, आणि त्या रुक्ष कोष्टकांतून त्याला दोन गोष्टी दिसल्या: खेड्यांतील लोक शहरांकडे लोटत आहेत, आणि शेतकऱ्याच्या दारात मोटार आली आहे. मोटार असलेला मनुष्य टपालाची वाट कशाला पाहील? १९२४ साली पेढीत दाखल झालेल्या वुडने १९२५ मध्ये शिकागोच्या कोठारातच पहिले दुकान उघडले, १९२९ अखेर दुकानांची संख्या तीनशेच्या पलीकडे गेली, आणि १९३१ पर्यंत दुकानांतील विक्रीने टपाली विक्रीला मागे टाकले. इतर भांडारे शहराच्या मध्यभागी महागड्या जागांवर दिमाखात उभी असताना, वुडने आपली दुकाने शहराच्या वेशीवर, मोटारी उभ्या करण्यास भरपूर मोकळी जागा ठेवून बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकवस्ती नेमकी तिकडेच सरकली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या एका पेढीची विक्री सबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ एक शतांश भरत होती.

ऱ्हासाची बीजे मात्र त्याच दशकात पडलेली होती. १९६२ हे एकच साल पाहावे: त्या वर्षी वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिन्हींची पहिली दुकाने उघडली. संगमरवरी जिने नाहीत, अदबशीर विक्रेते नाहीत, उपाहारगृह नाही. गिऱ्हाइकाने गाडा ढकलत स्वतः माल उचलावा आणि स्वस्तात न्यावा, एवढाच त्यांचा बाणा. पुढे खेळण्यांची, विजेच्या उपकरणांची, घरबांधणीच्या साहित्याची अशी एकेकाच खात्याला वाहिलेली अवाढव्य दुकाने निघाली, आणि त्यांनी डिपार्टमेंट स्टोअरचे एकेक खाते जणू लिलावात बोली लावावी तसे काढून नेले. १९९० च्या सुमारास वॉलमार्टने सिअर्सचे पहिले स्थान हिरावून घेतले. अमेरिकन डिपार्टमेंट स्टोअरांची एकूण विक्री २००१ च्या आसपास उतरणीस लागली. आणि त्या वर्षी एकूण किरकोळ व्यापारात ऑनलाइन विक्रीचा वाटा जेमतेम एक टक्का होता. रोग्याची प्रकृती खालावल्यानंतर घरात शिरलेल्या माणसावर विषप्रयोगाचा आरोप ठेवण्याजोगा हा प्रकार आहे.

या पार्श्वभूमीवर जानेवारी १९९३ मधील सिअर्सचा निर्णय वाचला की मन थक्क होते. तोट्यात आलेली पेढी सावरण्यासाठी तिच्या कारभाऱ्यांनी शंभराहून अधिक दुकाने आणि सुमारे पन्नास हजार नोकऱ्यांवर गदा आणली, आणि त्याचबरोबर शंभर वर्षांचे सूचिपत्र कायमचे बंद केले. त्या सूचिपत्रातून अजूनही वर्षाला तीन अब्ज डॉलरांहून अधिक विक्री होत होती, परंतु छपाई, टपाल आणि जुनाट कार्यपद्धती यांचा खर्च वजा जाता हाती तोटाच उरे. हिशेबनिसाच्या दृष्टीने निर्णय निर्दोष होता. त्या निर्णयाबरोबर घरोघरचे पत्ते, मागणी स्वीकारण्याची यंत्रणा, एकेक नग वेगळा बांधून पाठवण्याची कला आणि परत आलेल्या मालाची व्यवस्था लावण्याचा अनुभव, एवढा ठेवा निकालात निघाला. नऊच वर्षांनी याच पेढीने ‘लँड्स एंड’ नावाची, सूचिपत्रातून आणि इंटरनेटवरून कपडे विकणारी कंपनी सुमारे एकोणीसशे दशलक्ष डॉलरांना विकत घेतली. इतकेच नव्हे, तर १९८४ साली आयबीएम आणि सीबीएस यांच्याशी भागीदारी करून तिने ‘प्रॉडिजी’ ही घरच्या संगणकावरून खरेदी करता येण्याची सेवाही उभारली होती. म्हणजे भविष्य दिसत नव्हते असे नाही. ते एका दालनात तयार होत असताना त्याला लागणारी सामग्री शेजारच्या दालनातून मोडीत काढली जात होती.

सूचिपत्र बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, जेफ बेझोसने सिएटलजवळ अॅमेझॉनची स्थापना केली आणि जुलै १९९५ पासून पुस्तके विकण्यास प्रारंभ केला. पुस्तके निवडण्याचे कारण त्याने स्वतःच सांगितले आहे: छापलेल्या पुस्तकांची संख्या एवढी अफाट आहे की कोणत्याही दुकानात ती मावू शकत नाहीत. येथे ऑनलाइन व्यापाराचे मर्म आहे. भांडाराला प्रत्येक मांडणीचे भाडे पडते, म्हणून जे भराभर खपते तेच त्याला ठेवता येते. शहराबाहेरच्या स्वस्त गोदामात मात्र वर्षातून एकदा विकला जाणारा नगही आनंदाने पडून राहू शकतो. आणि भांडाराचा जो नफा भटकणाऱ्या पावलांवर अवलंबून होता, तो तर पार आटतो. ज्याला दोरा हवा आहे तो दोराच शोधतो. अत्तराच्या खात्यावरून जाण्याचा प्रसंगच त्याला येत नाही. पडद्यावर खाली दिसणाऱ्या शिफारशींनी ती उणीव पुष्कळ अंशी भरून काढली आहे खरी, परंतु तो नफा आता दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो.

तरीही सिअर्सची अखेरची चौदा वर्षे केवळ व्यापारी स्पर्धेच्या खाती टाकणे न्याय्य होणार नाही. २००४ साली एडी लँपर्ट या गुंतवणूकदाराने, दिवाळखोरीतून नुकत्याच बाहेर काढलेल्या केमार्टशी सिअर्सचे सुमारे अकरा अब्ज डॉलरांचे विलीनीकरण घडवून आणले. त्याने पेढीचे तीस-एक स्वतंत्र विभाग करून प्रत्येकाला आपापला नफातोटा दाखवावयास लावले, तेव्हा पूर्वी परस्परांना आधार देणारी खाती जाहिरातीच्या एकेका पानासाठी एकमेकांशी भांडू लागली. दुकानांच्या डागडुजीवर खर्च होईना. उखडलेल्या फरशा आणि रिकाम्या मांडण्या झाकण्यासाठी लावलेले पडदे यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येऊ लागली. उलटपक्षी, पेढीचेच समभाग परत खरेदी करण्यात अब्जावधी डॉलर गेले. २०१५ मध्ये दोनशेहून अधिक दुकानांच्या जागा सुमारे २७० कोटी डॉलरांना एका नव्या जमीनजुमला कंपनीला विकण्यात आल्या, आणि काल मालक असलेली पेढी आज आपल्याच इमारतींत भाडेकरू झाली. पान्हे आणि हातोडे यांसाठी घराघरांत नावाजलेले ‘क्राफ्ट्समन’ हे चिन्हही २०१७ साली विकले गेले. ज्याच्या घरातील भांडीकुंडी एकेक करून बाजारात चालली आहेत, त्याने शेवटी दिवाळे काढले यात नवल ते कोणते? विशेष म्हणजे त्या वर्षीही, म्हणजे २०१८ मध्ये, अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीपैकी ऑनलाइन विक्री दहा टक्क्यांच्या आतबाहेरच होती. उरलेला सारा व्यापार दुकानांतूनच चालला होता, फक्त तो या दुकानांतून चालला नव्हता.

एक भांडार बंद पडल्याने शेजारपाजारची दुकाने कशी कोसळतात, हा प्रकार कराराच्या कागदपत्रांत दडलेला असल्यामुळे सहसा नजरेस येत नाही. अमेरिकन मॉल बांधताना टोकाटोकाच्या जागा सिअर्स किंवा मेसीसारख्या मोठ्या भांडारांना नाममात्र भाड्याने दिल्या जात, कारण गर्दी खेचण्याची कामगिरी त्यांची. मधल्या लहान दुकानांकडून भरघोस भाडे घेतले जाई. परंतु त्या लहान दुकानदारांनीही आपल्या भाडेपट्ट्यात एक कलम घालून घेतलेले असे की, टोकाचे भांडार उठून गेल्यास आम्हांला भाडे कमी करून मिळावे अथवा मुदतीपूर्वी जागा सोडता यावी. त्यामुळे एक भांडार बंद झाले की भाडे घटे, भाडे घटले की देखभाल कमी होई, आणि गिऱ्हाईक तुटून दुसरे भांडार निघून जाई. ओहायो संस्थानातील क्लीव्हलँडजवळ १९७६ साली उघडलेला रँडॉल पार्क मॉल त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या मॉलांपैकी एक गणला जात होता आणि त्याच्या एका टोकाला सिअर्सही होते. या परंपरेने तो ओस पडला, पाडला गेला, आणि त्या जमिनीवर आज अॅमेझॉनचे गोदाम उभे आहे.

ही केवळ अमेरिकेची कहाणी नाही. ब्रिटनमध्ये १७७८ पासून चालत आलेल्या डेबनहॅम्सची अखेरची दुकाने मे २०२१ मध्ये बंद झाली. कॅनडातील हडसन्स बे कंपनी तर शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या आधी चार वर्षे, १६७० साली, राजाच्या सनदेने स्थापन झालेली. केसाळ कातड्यांच्या व्यापारापासून भांडारांपर्यंत साडेतीन शतके टिकलेली ती पेढी २०२५ च्या जूनच्या आरंभी आपली सर्व दुकाने मिटून बसली. या प्रत्येक प्रेताची चिकित्सा केली तर इंटरनेटबरोबरच कर्जाचे डोंगर, विकून टाकलेल्या इमारती आणि डोईजड भाडी हीच लक्षणे कमीअधिक प्रमाणात सापडतात.

मुंबईलाही या इतिहासाचा एक कोपरा लाभलेला आहे. हॉर्नबी रोडवरचे ‘व्हाइटवे लेडलॉ’ आणि काळा घोड्याजवळचे ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ ही गोऱ्या साहेबांची भांडारे. दुसऱ्याचे जाडजूड सूचिपत्र दूरच्या छावण्यांतील अधिकारी चाळून मागणी पाठवत. पहिले उधारी मुळीच देत नसल्यामुळे साहेबलोक त्याला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत. काळाने त्यांचा असा काही निकाल लावला की, व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, आणि आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत टाटांचे ‘वेस्टसाइड’. सामान्य मराठी माणसाने मात्र भांडारापेक्षा टपालच अधिक वापरले. १८७७ पासून हिंदुस्थानच्या टपालखात्याने माल हाती पडल्यावर पैसे चुकते करण्याची व्ही. पी.ची सोय केली, आणि पुस्तके, बियाणे, घड्याळे, काढे, केशतेले अशा असंख्य वस्तू त्या मार्गाने कोकणातील आणि वऱ्हाडातील घरांत पोहोचल्या. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल दारात आल्यावर रोकड देण्याची पद्धत सुरू केली तेव्हा ती अभिनव म्हणून नावाजली गेली. आपल्या आजोबांनी ती फार पूर्वीच पोस्टमनच्या हातावर पैसे टेकवून अनुभवली होती.

सिअर्सची दुकाने आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शिकागोतील त्या उंच इमारतीचे नाव २००९ सालीच बदलले, आणि १९०६ च्या महाकोठाराचा केवळ एक मनोरा शिल्लक आहे. इकडे अॅमेझॉनला खरी दुकाने हवीशी वाटू लागली. तिने २०१७ मध्ये होल फूड्स ही किराण्याची साखळी १३७० कोटी डॉलरांना घेतली, आणि सिअर्सचे दिवाळे वाजले त्याच वर्षीच्या नाताळापूर्वी लाखो अमेरिकन घरांत खेळण्यांचे एक छापील, रंगीत सूचिपत्र टपालाने पाठवले. मुलांनी पाने उलटावीत, आवडत्या खेळण्यावर खूण करावी, सारे अगदी जुन्या पद्धतीचे होते. फक्त एकाही चित्राखाली किंमत छापलेली नव्हती. ती क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे, आईबापांनी चित्राशेजारचे छापील चिन्ह फोनने टिपून त्या घटकेचा भाव पाहून घ्यावा, अशी योजना होती.